सव्वा तासाचे नागपूर

कोल्हापूर ते नागपूर हे अंतर किती, या साध्या प्रश्नाला निदान तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही खरी आहेत. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर ते सातशे किलोमीटर भरते. सोलापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असे रस्त्याने गेले तर आठशेच्या वर जाते. आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसले, तर नागपूर ईशान्येला असताना गाडी आधी सरळ पुणे गाठते, मग दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा अशी प्रदक्षिणा घालीत बाराशे किलोमीटर पुरे करते. या प्रदक्षिणेला सव्वीस-सत्तावीस तास लागतात. दुपारी कोल्हापुरात भाकरी बांधून घ्यावी, ती रात्री संपावी, सकाळी भुसावळच्या केळ्यांवर निभवावे आणि संध्याकाळी नागपूरला उतरावे, असा हा क्रम दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे.

विमान या सगळ्याला एक वेगळेच उत्तर देते. ते किलोमीटर सांगतच नाही, मिनिटे सांगते. जेट विमानाला सातशे किलोमीटर कापायला सव्वा तास, फार तर तासाला वीस मिनिटे. पंख्याचे, म्हणजे एटीआर जातीचे विमान असेल तर पावणेदोन तास. सव्वीस तासांचे सव्वा तासात, हा हिशेब ऐकला की कोणालाही राज्य लहान झाल्यासारखे वाटते. जाहिरातीतही तेच छापतात आणि उद्घाटनाच्या भाषणातही तेच सांगतात. ही मिनिटे खोटी आहेत असे माझे म्हणणे नाही. ती अपुरी आहेत, आणि छोट्या गावांच्या बाबतीत इतकी अपुरी आहेत की त्यांच्यावर विसंबून माणसाने आयुष्यातले काही ठरवू नये, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

आधी हा सव्वा तास येतो कुठून ते पाहू. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन गावांमधले सर्वांत जवळचे अंतर एका मोठ्या वर्तुळाच्या कमानीवर मोजतात. सातशे किलोमीटरला ती कमान आणि सरळ रेघ यांत फारसा फरक पडत नाही. पण विमान त्या रेघेवरून जातेच असे नाही. आकाशात मार्ग आखलेले असतात, काही भाग वायुदलासाठी राखलेले असतात, आणि शेवटी धावपट्टीचे तोंड जिकडे असेल तिकडून वळसा घेऊन उतरावे लागते. वर चढताना आणि खाली येताना वेग कमी असतो, म्हणून थोड्या अंतराच्या प्रवासात ही चढ-उतरच निम्मा वेळ खाते. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून जोराचे वारे असतात, त्यामुळे नागपूरला जाताना पाठीत वारा आणि परतताना तोंडावर. वेळापत्रकातली वेळ धरतात ती विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या गावी जागेवर थांबेपर्यंतची. त्यात कंपन्या चार मिनिटे पदरची घालून ठेवतात, म्हणजे ‘वेळेआधी पोहोचलो’ अशी घोषणा करायला बरे पडते.

जेट की पंख्याचे, हेही धावपट्टीवर ठरते. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतला, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीचा. मुंबईपुण्याबाहेर फारच थोड्या गावांनी ज्या काळात विमान जवळून पाहिले असेल, त्या काळात कोल्हापूर संस्थानाने ही जागा राखली. पण तिथली धावपट्टी वर्षानुवर्षे १,३७० मीटरची होती. तेवढ्यात लहान विमानच उतरणार. अलीकडे ती १,९३० मीटर झाली आणि मार्च २०२४ मध्ये नवी इमारतही उभी राहिली. नागपूरच्या सोनेगावची गोष्ट निराळी. देशाच्या मध्याशी असल्यामुळे त्या विमानतळाने एकेकाळी मोठाच मान भोगला आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांनी निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र जमत, टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. मद्रासचे पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत मिळे ते नागपूरच्या या मध्यरात्रीच्या जोरावर. नागपूर एका रात्रीत चार महानगरांच्या इतके जवळ आले, आणि आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र दूरच राहिले. नागपुरात ‘झिरो माइल’चा दगडी खांब आहे, त्यावर हैदराबाद, जबलपूर, बैतूल अशी अंतरे कोरली आहेत. त्यात कोल्हापूर नाही. ब्रिटिशांना त्याचे कारण नव्हते. आपल्याला आहे.

आता घरापासून घरापर्यंतचा हिशेब. कोल्हापुरात मंगळवार पेठेतून उजळाईवाडीला जायला अर्धा तास. खिडकी तासभर आधी बंद होते, म्हणून सावध माणूस दोन तास आधी पोहोचतो. आणि आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी ‘वाटेत काय होईल सांगता येत नाही’ म्हणून आणखी आधी. मग सव्वा तासाचे विमान. पलीकडे सामान येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे, आणि सोनेगावहून महालात किंवा नंदनवनात पोहोचायला रिक्षाने पाऊण तास. एकूण पाच तास. तरीही पाच तास म्हणजे सव्वीसच्या मानाने चैनच, यात वाद नाही.

पण या पाच तासांत एक मोठी वस्तू धरलेलीच नाही. ती म्हणजे विमानाचा वार.

छोट्या गावांमधले विमान रोज असतेच असे नाही. ते आठवड्यातून तीन दिवस असते, चार दिवस असते, कधी दोन. आता समजा, ते सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस आहे आणि तुम्हाला निघण्याची गरज आठवड्यात केव्हाही, न सांगता पडू शकते. तर पुढच्या विमानाची वाट सरासरी किती पाहावी लागेल? शाळेतल्या गणितानेही हे निघते. दोन दिवसांची दोन मोकळी अंतरे आणि तीन दिवसांचे एक. वाट पाहण्याची सरासरी येते एकोणतीस तास. त्यात प्रवासाचे पाच मिळवा, चौतीस झाले. आता रोजची रेल्वे घ्या. तिची वाट सरासरी बारा तास, प्रवास सत्तावीस, स्टेशनवरून घर एक तास, झाले चाळीस. म्हणजे सव्वा तासाचे विमान आणि सत्तावीस तासांची आगगाडी यांच्यात अडचणीच्या वेळी फरक उरला तो सहा तासांचा. विमान आठवड्यातून दोनच दिवस असेल तर वाट त्रेचाळीस तासांवर जाते, एकूण अठ्ठेचाळीस होतात, आणि बाराशे किलोमीटरची ती बिचारी गाडी आठ तासांनी पुढे निघून जाते.

उलट विमान रोज असेल, मग ते पंख्याचे आणि अर्धा तास हळू का असेना, तर सगळे मिळून साडेसतरा तास होतात. वेगवान विमान आणून जे साधत नाही ते रोजचे विमान आणून साधते. माझ्या मते छोट्या गावांच्या विमानप्रवासाबद्दल सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे, आणि नेमकी ती कोणी सांगत नाही. धावपट्टी किती मीटर, इमारत किती कोटींची, आसने किती, हे सगळे छापून येते. आठवड्यातून किती दिवस, आणि त्यातले किती दिवस खरोखर उडाले, हे मात्र छापून येत नाही.

लग्नाला जायचे असेल तर या हिशेबाची गरज नाही, हे मला मान्य आहे. लग्नाची तारीख सहा महिने आधी कळते. विमानाचा वार पाहून मुहूर्त काढणारेही आता निघाले आहेत म्हणतात. पण दोन गावांमधले नाते केवळ लग्नामुंजीवर चालत नाही. मुलाखतीचे पत्र चार दिवस आधी येते. वसतिगृहात मुलगी तापाने फणफणते. बदलीवर गेलेल्या माणसाच्या घरी चोरी होते. अशा वेळी माणूस वार पाहून निघत नाही, मिळेल त्याने निघतो.

आमच्या घरातले एक उदाहरण सांगतो. माझी आत्या लग्न होऊन नागपूरला गेली त्याला साठ वर्षे होत आली होती. वडील आणि ती अशी दोनच भावंडे. दरवर्षी भाऊबीजेला जाणे शक्य नव्हते. ओवाळणी मनीऑर्डरने जाई आणि तिकडून संत्र्यांची पेटी येई, ती मिरजेला पोहोचेपर्यंत निम्मी नासलेली असे. कोल्हापूर-नागपूर थेट विमान सुरू होणार ही बातमी आली तेव्हा वडिलांनी ते कात्रण कापून नकाशाच्या पुस्तकात ठेवले. ते एकोणऐंशी वर्षांचे होते आणि विमानात एकदाही बसलेले नव्हते. फोनवर ते आत्याला सांगत, “अक्का, आता तू फक्त हाक मार. सव्वा तासात येतो.” आत्या वऱ्हाडी ठसक्यात हसे. कोल्हापूरची मुलगी, पण तिची भाषा कधीच तिकडची झाली होती. “ये नं बाप्पा, तू आधी ये तर,” म्हणे.

आत्या गेली ती एका मंगळवारी पहाटे. त्या आठवड्यातले विमान गुरुवारी होते. मुंबईमार्गे जावे तर सकाळचे विमान सुटून गेलेले. मग मी आणि वडील मोटारीने पुण्याला निघालो, सव्वादोनशे किलोमीटर, वाटेत रस्त्याचे काम. पुण्याहून रात्रीच्या विमानात दोन जागा मिळाल्या. त्यांची किंमत इथे लिहीत नाही, वडिलांना अजूनही सांगितलेली नाही. उन्हाळ्याचे दिवस होते, नागपूरचा उन्हाळा. आत्याच्या मुलांनी दुपारी चारपर्यंत वाट पाहिली, पाचला उरकले, आणि ते बरोबरच होते. आम्ही पोहोचलो तेव्हा मध्यरात्र होत आली होती. वडील विमानातून उतरताना शिडीवर थांबले आणि त्यांनी घड्याळ पाहिले. पहिल्यांदाच विमानात बसलेला माणूस खिडकीतून बाहेर पाहील असे मला वाटले होते. त्यांनी सबंध प्रवासात बाहेर पाहिले नाही.

यात कोणाचा गुन्हा आहे असे मी म्हणत नाही. कंपनीने मंगळवारी येऊ असे कबूल केलेले नव्हते. पण ‘नागपूर सव्वा तासावर’ असे आम्हाला सांगण्यात आले होते, आणि एका म्हाताऱ्या माणसाने त्यावर विश्वास ठेवून साठ वर्षांची हुरहुर थोडी सैल सोडली होती. अंतर कमी झाल्याची घोषणा ही साधी घोषणा नसते. लोक तिच्यावर विसंबून घरे लांब बांधतात, मुलींची स्थळे लांबची पाहतात, आईबापांना गावी ठेवून नोकऱ्या लांब धरतात.

छोट्या गावांना विमान देण्याचा प्रयत्न आजचा नाही. १९८१ साली ‘वायुदूत’ निघाली, तीही याचसाठी. लहान विमाने, लहान गावे, मोठ्या घोषणा. १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि बरीच गावे पुन्हा एस. टी.च्या हवाली झाली. मग २०१६ साली ‘उडान’ योजना आली. पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी निघाली, त्यांत शिमला-दिल्लीबरोबर आपले नांदेड-हैदराबादही होते. तासाभराच्या प्रवासाला काही आसनांपुरते अडीच हजार रुपये भाडे आणि कंपनीचा तोटा तीन वर्षे सरकारने भरून द्यायचा, अशी तिची बांधणी. कल्पना वाईट नव्हती. पण ‘कॅग’ने २०२३ साली तिची तपासणी केली तेव्हा निघाले ते असे: पहिल्या तीन फेऱ्यांत जे ७७४ हवाईमार्ग दिले गेले त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांपैकी तीन वर्षांची मुदत पुरी केली ती फक्त ११२ मार्गांनी. आणि मदत थांबल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू होते ते अवघे ५४. शंभरात सात.

या आकड्यांकडे पाहून ‘विमाने श्रीमंतांची, बंदच करा’ म्हणणारे लोक आहेत. मी त्यांतला नाही. पाच तासांत नागपूर ही माझ्याही गरजेची गोष्ट आहे. पण तीन वर्षांची मदत ही कल्पनाच मला उलटी वाटते. गावाला विमानाची सवय लागायलाच दोन वर्षे जातात. आज आहे, उद्या नाही, पावसात रद्द, ढगांमुळे रद्द, ‘तांत्रिक कारणास्तव’ रद्द, अशा सेवेवर व्यापारी भरवसा ठेवत नाही. तो आपला रात्रीच्या बसने जातो. उतारू नाहीत म्हणून कंपनी फेऱ्या कमी करते, फेऱ्या कमी म्हणून उतारू आणखी कमी होतात, आणि एका सकाळी खिडकी उघडतच नाही. सेवा सुरू झाल्याचा समारंभ होतो. बंद पडल्याचा कधी होत नाही.

इतके करून गावेही काही कमी किंमत मोजत नाहीत. सोलापूरचे घ्या. विमानाच्या वाटेत येते म्हणून तिथल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. तिच्यावरून केवढे रण माजले होते ते सोलापूरकरांना विचारा. एका बाजूला विमान मागणारे शहर, दुसऱ्या बाजूला उसाचे शेतकरी. त्यानंतर सोलापूरचे पहिले विमान, गोव्याचे, उडाले ते दोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये. चिमणी एका दिवसात पडते. विमान रोज यायला लागेपर्यंतच्या काळाचा जाब मात्र कोणाला विचारायचा हे ठरलेले नसते.

कधीकधी वाटते, माणसाला कामाकडे नेण्याऐवजी काम माणसाकडे आणणे अधिक सोपे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. त्यासाठी वकिलांनी अनेक वर्षे आंदोलने केली. कोणत्याही विमानाने जे झाले नसते ते एका न्यायदालनाने झाले. नागपूर करारानुसार विधिमंडळ वर्षातून एकदा नागपूरला जाते, त्यामागेही विचार हाच होता. पण आत्या काही कोल्हापुरात आणता येत नाही. माणसे जिथे आहेत तिथे आहेत.

(स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटे आहेत. तिथे वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असे एक विमान जाते, अंतर २.७ किलोमीटर, वेळ दोन मिनिटे. जगातले सर्वांत छोटे नियमित उड्डाण म्हणून त्याचे कौतुक होते. मला मात्र त्यातला ‘नियमित’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. ज्या बेटावर शंभरभर माणसे राहतात तिथे शिक्षक आणि डॉक्टर त्या विमानाने येतात-जातात, आणि ते येणार हे लोक गृहीत धरून चालतात.)

मागायचेच झाले तर मी नवा विमानतळ मागणार नाही. आहेत त्यांतले थोडे निवडून तिथे रोज एक विमान, लहान का असेना, दहा वर्षे नक्की उडेल असे करार करावेत. मदत द्यायची ती सुरू करण्यासाठी न देता टिकवण्यासाठी द्यावी, आणि रद्द झालेल्या प्रत्येक फेरीला ती कापावी. विमानतळाच्या दारात एक फळा लावावा. गेल्या महिन्यात ठरलेल्या फेऱ्या इतक्या, उडालेल्या इतक्या, वेळेवर पोहोचलेल्या इतक्या. आपल्याकडे एस. टी. स्टँडवर गाड्यांच्या वेळा रंगवलेल्या असतात, त्याहून हे अवघड नाही. विमानाच्या वेळेला धरून स्टँडवरून एक बस सोडावी, म्हणजे चारशे रुपयांची रिक्षा वाचेल. आणि मिरज, पंढरपूर, लातूर, परभणी या सरळ वाटेने नागपूरला जाणारी गाडी रोजची आणि वेगाची करावी. ती अठरा तासांत पोहोचू लागली तरी विमान चुकलेल्या माणसाला पुण्याच्या रस्त्याला लागावे लागणार नाही.

वडिलांनी ते कात्रण नकाशाच्या पुस्तकातून काढलेले नाही. गेल्या महिन्यात आत्याच्या नातवाचा फोन आला, पुढच्या मेमध्ये त्याचे लग्न आहे. वडिलांनी तारीख लिहून घेतली, आणि मग त्याला विचारले, गाडी नागपूरला हल्ली किती वाजता पोहोचते.